वैमानिकाचा हात मोजायचा कसा?

विमानाच्या पंखांची परीक्षा वायुबोगद्यात घेता येते. विमान वळवणारी काठी धरणाऱ्या वैमानिकाच्या हाताची परीक्षा अवघड, कारण तो हात समोरचं विमान पाहून आपली रीत बदलतो.

प्रयोग दिसायला साधा असतो. सिम्युलेटरच्या पडद्यावर एक रेषा वर-खाली सरकत राहते आणि वैमानिकाने काठी हलवून ती मध्यावर आणायची. खरी मेख त्या सरकण्यात आहे. वेगवेगळ्या वारंवारितेच्या लहरी अशा मिसळलेल्या असतात की रेषा पुढे कुठे जाईल, याचा अंदाज बांधता येत नाही. नंतर काठीच्या नोंदीतून त्याच लहरी वेगळ्या काढतात. कोणत्या लहरीला हाताने किती जोराने आणि किती उशिरा उत्तर दिलं, ते त्यातून कळतं. कुठल्याच लहरीशी न जुळणारी हालचाल उरते, ती माणसाची स्वतःची भर.

अमेरिकेत ड्युएन मॅकरूअर, एझ्रा क्रेंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० आणि ६०च्या दशकांत अशा मोजण्या केल्या. विमान सुस्त असेल तर वैमानिक पुढचं ओळखून आधीच काठी वळवतो. चटकन वळणारं असेल तर हात आवरता घेतो. त्यामुळे विमान बदललं तरी माणूस आणि विमान यांची जोडी मिळून बरीचशी एकसारखीच वागते. एकही समीकरण न मांडता हात हे साधतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पण या जुळवून घेण्याला मर्यादा आहे ती वेळेची. डोळ्यांना दिसल्यापासून हात हलेपर्यंत साधारण पाव सेकंद जातो. त्यात यंत्राने आपला उशीर मिसळला, की वैमानिकाची दुरुस्ती चुकीच्या क्षणी पोचते आणि झोके थांबण्याऐवजी वाढतात.

२६ ऑक्टोबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स तळावर हेच घडलं. नासाच्या ‘स्पेस शटल’ या अंतराळयानाचं चाचणीसाठीचं रूप, ‘एंटरप्राइज’, उतरवताना अंतराळवीर फ्रेड हेझ ठरलेल्या जागी चाकं टेकवण्याच्या प्रयत्नात होते. यान धावपट्टीवरून उसळलं, डावी-उजवीकडे डोललं. काठीवरचा जोर कमी केल्यावर सावरलं.

मग नासाने एफ-८ या जेट विमानाच्या संगणकात मुद्दाम उशीर घालून तो वाढवत नेला. निवांत उतरताना खपून जाणारा उशीर नेमक्या जागी उतरायचं म्हटलं की घातक ठरत होता. त्यानंतर शटलसाठी खास गाळणी तयार झाली: काठी भराभर मागे-पुढे होऊ लागली, की संगणक त्या हालचालींचा परिणाम आपोआप कमी करायचा.