दशांश अपूर्णांकाला पूर्ण संख्येनं भागणं

पॉइंटवाल्या आकड्याचे सारखे वाटे करायचे म्हणजे हा भागाकार. पद्धत साध्या भागाकाराचीच, भाग लावा, गुणा, वजा करा, पुढचा अंक खाली उतरवा. पॉइंट कुठं द्यायचा आणि शेवटी बाकी उरली तर काय करायचं, एवढंच नवीन असते.

आपल्याकडे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण म्हणजे सातबारा. त्यावर क्षेत्र हेक्टर-आरमधे असते, १ हेक्टरचे १०० आर आणि १ आरचे १०० चौरस मीटर, म्हणून १.६२ म्हणजे १ हेक्टर ६२ आर, आपल्या बोलण्यात चार एकराचं वावर. ते तीन भावांत वाटायचं तर १.६२ ÷ ३. १ ला ३ नं भाग जात नाही, उत्तरात ० लिहा, आणि भाज्यातला पॉइंट ओलांडला की लगेच उत्तरातही पॉइंट द्या. भागाकार उजवीकडे लिहायची जुनी सवय असेल तर इथंच पॉइंट विसरते, वर लिहिलं तर तो सरळ पॉइंटच्या डोक्यावर येते. आता ६ उतरवला, झाले १६ दशांश, तीन पाचे पंधरा, बाकी १. तो १ दशांश म्हणजे १० शतांश, त्यात पुढचे २ मिळून १२, तीन चोक बारा, बाकी शून्य. उत्तर ०.५४, प्रत्येकाला ५४ आर.

भाऊ चार असले की खरी गंमत. १६ ला ४ नं भाग चारदा गेला, बाकी काही नाही, मग २ उतरवला, २ ला ४ नं भाग जात नाही. इथं पोट्टे सरळ पुढं जातात आणि ०.४५ लिहून मोकळे होतात. भाग गेला नाही तरी त्या जागेवर ० लिहावाच लागते, मग २ वर एक शून्य घेऊन २०, चार पाचे वीस, उत्तर ०.४०५. शून्य गाळला तर प्रत्येकाला साडेचार आर जास्त, चौघांचे मिळून १८ आर, जे वावरात नाहीतच. आणि आपल्याकडे तर हातभर धुऱ्यावरून भांडणं होतात! म्हणून उत्तर आलं की भाजकानं गुणून पाहायचंच, ०.४५ × ४ = १.८० येते, चूक तिथंच सापडते.

वरून शून्य घेता येते कारण १.६२ आणि १.६२० एकच, किंमत बदलत नाही. सगळी पद्धत यावरच उभी आहे की वरच्या घरातली बाकी खालच्या घरात जाताना दहापट होते. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याचे ४ पैसे होते, तेव्हाही वाटणी अशीच व्हायची, पण उरलेल्या रुपयांना १६ नं गुणा, उरलेल्या आण्यांना ४ नं, दर पायरीला वेगळा पाढा. युरोपात दशांशाची पद्धत नीट मांडून दाखवणारी पुस्तिका सायमन स्टीविन या गणितज्ञानं १५८५ मधे काढली, ती त्यानं ज्यांच्यासाठी लिहिली त्यात व्यापारी होते तसे जमीन मोजणारेही होते.

काही भागाकार मात्र संपतच नाहीत. १०.४ क्विंटल कापसाचे तीन वाटे करा, ३.४६६६… असं येतच राहते. बाकी नेहमी भाजकापेक्षा लहान असते, ३ नं भागताना ती ०, १ नाहीतर २ च असू शकते, मग २ परत आली की ६ परत येणारच. भाजक २, ४, ५, ८, १० असा, म्हणजे फक्त २ आणि ५ च्या गुणाकारातून झालेला, असला तर भागाकार कधीतरी संपतोच, ३ किंवा ७ असला तर तो भाज्यातून पूर्ण कटला तरच.

अशा वेळी दोन घरांपर्यंत आणून ३.४७ म्हणतात. तीन एकरात १०.४ क्विंटल झाला आणि एकरी सरासरी काढायची असेल तर ३.४७ अगदी बरोबर चालते. पण वाटणी असेल तर ३.४७ × ३ = १०.४१, म्हणजे काट्यावर न आलेला एक किलो कापूस वाटल्यासारखं होते, तिथं दोघांना ३४७ किलो आणि एकाला ३४६ असंच करावं लागते.