कॅलिफोर्नियातील चार्टर शाळेत प्रवेश: कोणता फॉर्म कशासाठी, आणि त्यामागचा पैसा कोणाचा

चार्टर शाळा ही खासगी शाळा नाही. फी नाही, प्रवेश परीक्षा नाही, पैसा सरकारी. फरक एवढाच की ती डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, चालवत नाही. डिस्ट्रिक्टकडून किंवा काउंटीच्या शिक्षण मंडळाकडून सनद, म्हणजे चार्टर, घेऊन बहुधा एखादी ना-नफा संस्था चालवते. असा कायदा सर्वांत आधी मिनेसोटाने १९९१ मध्ये केला, कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये. फ्रीमाँट, सनीव्हेलकडची मराठी कुटुंबे अर्ज भरताना गोंधळतात ती फॉर्मच्या संख्येने. पैसा कसा येतो हे कळले की यातला जवळजवळ प्रत्येक कागद का मागितला ते उलगडते.

पैशाचा हिशेब

२०१३-१४ पासून राज्यात शाळांना पैसा वाटण्याचे एलसीएफएफ (लोकल कंट्रोल फंडिंग फॉर्म्युला) हे एकच सूत्र आहे आणि मूळ दर डिस्ट्रिक्ट शाळेला व चार्टरला सारखाच. २०२३-२४ मध्ये चौथी ते सहावीसाठी तो दर मुलामागे वर्षाला १०,०६९ डॉलर होता. कमी उत्पन्नाच्या घरातली, इंग्रजी शिकणारी आणि फॉस्टर केअरमधली (सरकारने दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेली) मुले जितके टक्के, त्या प्रमाणात मूळ दराच्या २० टक्के जादा मिळतात. हे प्रमाण ५५ टक्क्यांच्या वर गेले तर वरच्या भागावर आणखी ६५ टक्के.

दर सारखा, तरी हातात पडणारी रक्कम सारखी नसते. ६५ टक्क्यांची जी भर आहे, तिच्यासाठी चार्टरचे प्रमाण त्या भागातल्या डिस्ट्रिक्टच्या प्रमाणापेक्षा जास्त धरले जात नाही. शाळेत ९० टक्के गरीब मुले असली आणि डिस्ट्रिक्टमध्ये ६० टक्के, तर हिशेब ६० चाच. सनद देणारी संस्था देखरेखीचा आकार घेते: १ टक्क्यापर्यंत, आणि जागा जवळपास फुकट दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत. मतदारांनी मंजूर केलेल्या स्थानिक पार्सल टॅक्समध्ये (जमीन-घरावरचा जादा कर) चार्टरचा वाटा आपोआप धरलेला नसतो. पालो आल्टोसारख्या डिस्ट्रिक्टमध्ये तर घरपट्टीचे उत्पन्नच सूत्रापेक्षा जास्त असते. तिथला वरचा पैसा डिस्ट्रिक्टकडेच राहतो, चार्टरला सूत्राइतकेच मिळतात. श्रीमंत भागात दरी जास्त दिसते ती यामुळे.

सगळ्यांत मोठा फरक इमारतीचा. डिस्ट्रिक्ट कर्जरोखे काढून शाळा बांधते. चार्टरला २००० मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रॉपोझिशन ३९ या कायद्याखाली डिस्ट्रिक्टकडे ‘वाजवी समतुल्य’ जागा मागता येते, पण डिस्ट्रिक्टमधल्याच मुलांची अंदाजी सरासरी हजेरी रोज किमान ८० मुले इतकी हवी. मागणी १ नोव्हेंबरपर्यंत, डिस्ट्रिक्टचा प्राथमिक प्रस्ताव १ फेब्रुवारीपर्यंत, अंतिम १ एप्रिलपर्यंत, शाळेचा होकार-नकार १ मेपर्यंत. लॉस आल्टोसमध्ये बुलिस चार्टर स्कूलने याच मुद्द्यावर डिस्ट्रिक्टला कोर्टात खेचले आणि २०११ मध्ये अपील न्यायालयाचा निकाल शाळेच्या बाजूने लागला. जागा नाहीच मिळाली तर भाडे भरा. किमान ५५ टक्के मुले कमी उत्पन्नाची असतील तर भाड्याच्या ७५ टक्क्यांपर्यंत राज्याचे अनुदान मिळू शकते.

म्हणूनच ऑक्टोबरमध्ये, अर्जाची खिडकी उघडण्याआधीही, शाळा ‘इरादा पत्र’ भरून मागते. नाव, पत्ता, इयत्ता, सही. त्याने प्रवेश मिळत नाही आणि ते भरल्याने तुम्ही बांधलेही जात नाही; ते नोव्हेंबरच्या मागणीला जोडायचे असते. हे भरले म्हणजे अर्ज झाला असे समजून बसणाऱ्यांची सोडत हुकते.

अर्ज आणि सोडत

कॅलिफोर्नियात राहणारे कोणतेही मूल पात्र. दुसऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये राहत असाल तरी डिस्ट्रिक्ट शाळेसाठी लागतो तसा बदलीचा परवाना लागत नाही. किंडरगार्टनसाठी १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षे पूर्ण हवीत. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर जाहीर सोडत काढावीच लागते. आधीपासून शिकणारी मुले आणि डिस्ट्रिक्टचे रहिवासी यांना प्राधान्य. बहुतेक शाळा भावंडांनाही देतात. शाळा आधी डिस्ट्रिक्टची होती व नंतर चार्टर झाली असेल, तर जुन्या हद्दीतली मुले आधी. प्राधान्याचा क्रम सनदेत छापलेला असतो, तो वाचूनच आशा धरावी.

या टप्प्यावर गुणपत्रिका, आयईपी (विशेष गरजा असलेल्या मुलाचा वैयक्तिक शिक्षण आराखडा) किंवा शिफारसपत्र मागणे २०१९ च्या कायद्याने बंद आहे. कोणी मागितलेच तर तक्रारीचा छापील फॉर्म शाळेच्या वेबसाइटवर असावाच लागतो. तो सनद देणाऱ्या संस्थेकडे द्यायचा. पालकांनी अमुक तास स्वयंसेवा करावी किंवा देणगी द्यावी, ही प्रवेशाची अट होऊ शकत नाही.

नंबर लागल्यावर

आता कागद. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट. रहिवासासाठी भाडेकरार, वीज-पाण्याचे बिल, पगाराची पावती, घरपट्टीची पावती यांपैकी काहीही. पत्त्यात अपार्टमेंटचा नंबर सगळीकडे सारखा असावा, यावरून फाइल परत येते. सोशल सिक्युरिटी नंबर आणि व्हिसाची माहिती शाळेने मागायची नाही. एच-४ किंवा एल-२ वरच्या मुलांना काहीच अडचण नाही.

खरी अडचण लसींची. किंडरगार्टनला एमएमआरचे (गोवर, गालगुंड, रुबेला) दोन डोस लागतात आणि दोन्ही पहिल्या वाढदिवशी किंवा त्यानंतरचे हवेत. भारतात नवव्या महिन्यात दिलेला डोस इथे धरला जात नाही. शिवाय भारतातल्या सरकारी लसीकरणात एमआर असते, त्यात गालगुंडाची लस नसते. कांजिण्यांचे दोन डोस लागतात, तेही भारतातल्या सरकारी लसीकरण कार्डावर सापडत नाहीत. वैयक्तिक श्रद्धेची सूट २०१६ पासून बंद आहे. डॉक्टरची वेळ ऑगस्टमध्ये मिळत नाही, तेव्हा कार्ड मेमध्येच दाखवून घ्या.

भाषा आणि उत्पन्नाचे फॉर्म

घरभाषेच्या फॉर्मवर ‘मराठी’ लिहिले तर प्रवेशापासून ३० दिवसांत इंग्रजीची प्रारंभिक एल्पॅक चाचणी होते. ती टाळायला बरेच पालक ‘इंग्रजी’ लिहून मोकळे होतात. मुलाचे इंग्रजी चांगले असेल तर ते पहिल्याच चाचणीत ‘प्रवाही’ ठरते आणि विषय संपतो. नसेल, तर त्याला मदत मिळते आणि शाळेला ते २० टक्के. खोटे लिहून फायदा कोणाचाच नाही.

उत्पन्नाचा फॉर्म मात्र सगळेच टाळतात. २०२२-२३ पासून राज्यात सर्व सरकारी शाळांत जेवण सर्वांना मोफत, मग फॉर्म कशाला? जेवणासाठी नव्हेच, वरच्या जादा पैशासाठी. त्यासाठी मुलांची मोजणी ऑक्टोबरच्या पहिल्या बुधवारी होते. त्यानंतर फॉर्म उशिरा शोधत बसण्यापेक्षा तो प्रवेशाच्या कागदांबरोबरच द्यावा.

हजेरी आणि भारतवारी

महाराष्ट्रात संचमान्यता, म्हणजे शिक्षकांच्या जागांची मंजुरी, पटावर होते. इथे पट उपयोगाचा नाही. मूल वर्गात बसले तर पैसा. आजारपणाची रीतसर रजा असली तरी त्या दिवसाचा पैसा नाही. मुख्य हिशेब १५ एप्रिलपर्यंतच्या हजेरीवर. समजा तोवर १३५ दिवस शाळा भरली आणि मूल लग्नासाठी १५ दिवस पुण्यात होते, तर १०,०६९ च्या दराने शाळेचे सुमारे १,१०० डॉलर गेले. डिस्ट्रिक्टला चालू वर्ष, मागचे वर्ष किंवा मागच्या तीन वर्षांची सरासरी यांतला मोठा आकडा धरता येतो. चार्टरला हे छत्र नाही, चालू वर्षाचाच आकडा. म्हणून चार्टरचे ऑफिस पहिल्याच दिवशी फोन करते.

यावर उपाय स्वतंत्र अभ्यासाचा लेखी करार. त्यावर पालक, मूल आणि शिक्षक यांच्या सह्या तिकिटाच्या तारखेआधी व्हाव्यात, परत आल्यावर अभ्यास जमा करावा. मग हजेरी धरली जाते. प्रत्येक शाळेत ही सोय नसते, आधी विचारा. कराराविना लांबलेल्या सुट्टीवरून शाळेने नाव कमी करायचे ठरवले, तरी किमान पाच शालेय दिवस आधी लेखी सूचना द्यावीच लागते.

आयईपी असलेले मूल

चार्टर त्याला नाकारू शकत नाही. मात्र सेवा कोण देणार हे विचारून घ्या. काही चार्टर विशेष शिक्षणापुरत्या डिस्ट्रिक्टचाच भाग असतात, तिथे पैसा आणि थेरपिस्ट दोन्ही डिस्ट्रिक्टचे. काही स्वतः एखाद्या सेल्पाच्या (विशेष शिक्षणाची व्यवस्था एकत्र पाहणाऱ्या गटाच्या) सदस्य असतात आणि सगळे स्वतः पाहतात. सेल्पा बदलली तर आधीच्या आयईपीशी तुल्य सेवा लगेच सुरू कराव्या लागतात आणि ३० दिवसांत नवी बैठक. आयईपीची प्रत जुन्या शाळेकडून स्वतः घेऊन ठेवा. ती मात्र प्रवेश पक्का झाल्यावरच द्यायची.