संमती कुणाची? एचआयव्ही आणि मनोविकार संशोधनाची गोव्यातली पार्श्वभूमी

१९८९ मध्ये रक्तदानानंतर एचआयव्ही आढळलेल्या एका तरुणाला म्हापशाच्या जुन्या क्षयरोग रुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं गेलं. ज्या कलमाखाली हे झालं, ते न्यायालयाने घटनाबाह्य ठरवलं नाही. २००६ मध्ये लग्नाआधी सक्तीच्या चाचणीचा घाट घातला गेला. फॉर्म घेऊन दारात आलेला माणूस सरकारचाच, ही धास्ती पुढच्या अभ्यासांना आडवी येणार हे उघड होतं.

मानसिक आरोग्याचं संशोधन वेगळ्या वाटेने आलं. २००७ ते २००९ दरम्यान १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखान्यांत, वैद्यकीय पदवी नसलेल्या प्रशिक्षित समुपदेशकांना घेऊन एक मोठी चाचणी झाली. गावपातळीवरच्या अशा कामात लोकांना विचारायचं म्हणजे पंच, केंद्राचे डॉक्टर, चर्चचे पाद्री, देवस्थान समिती यांना भेटायचं. बोलणं झोप, टेन्शन, अंगदुखी इथून सुरू करायचं. गावात ज्यांचं घर आहे त्यांच्यापुरतं हे चालतं.

वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरच्या वस्तीतल्या बायकांना यातलं काहीच लागू नव्हतं. २००४ मध्ये तिथली वस्ती पाडली गेली आणि देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया लॉज, भाड्याच्या खोल्या, हमरस्त्यावरचे बार अशा पांगल्या. त्यांच्यापर्यंत पोचायला एका सर्वेक्षणात साखळी पद्धत वापरली गेली: वेगवेगळ्या गटांतल्या काही जणींपासून सुरुवात, प्रत्येकीला मोजकी कूपनं (सहसा तीन), ती ओळखीच्या बायकांना द्यायची. अशा साखळीत कूपनं विकली जातात, एकच बाई दोनदा येते, घरवाली (धंदा चालवणारी बाई) कूपनं आपल्या हातात ठेवून कोण जाणार ते ठरवते. म्हणून क्रमांक नोंदवायचे, मोबदला थेट हातात द्यायचा आणि कूपनावर आजाराचं नाव छापायचं नाही. त्या सर्वेक्षणातल्या ३२६ स्त्रियांपैकी सुमारे १९ टक्के जणींनी आधीच्या तीन महिन्यांत आत्महत्येचा प्रयत्न केल्याचं सांगितलं. असा प्रश्न विचारायचा तर ‘हो’ म्हणणारीला त्याच दिवशी कुठे न्यायचं, कोण नेणार, रिक्षाचे पैसे कुठून, हे आधी ठरलेलं हवं. संशोधनाच्या पुष्कळ प्रस्तावांत या जागी ‘योग्य ठिकाणी पाठवले जाईल’ एवढंच असतं.

खरा गुंता २०१७ च्या दोन कायद्यांनी केला. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९९ म्हणतं की संशोधनासाठी रुग्णाची स्वतःची संमती हवी. ती देण्याच्या स्थितीत तो नसेल, पण विरोधही करत नसेल, तर राज्याच्या मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलायला नेमलेल्या व्यक्तीच्या, संमतीवर ती मिळू शकते. आता हा रुग्ण एचआयव्हीबाधितही असेल तर? अभ्यास कशाचा आहे हे सांगितल्याशिवाय प्रतिनिधीची संमती खरी नाही, आणि सांगितलं की भावाला किंवा आईला निदान कळलं. एचआयव्ही कायदा व्यक्तीच्या किंवा तिच्या प्रतिनिधीच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करू देत नाही. म्हणजे कागदावर वाट आहे. मात्र रुग्णाला ती मान्य होती का, हे कुणीच विचारत नाही. ‘विरोध करत नसेल’ हे शब्द तर फारच सैल. औषधाच्या गुंगीत खुर्चीवरून न उठणारा माणूस राजी धरायचा? तोंड फिरवणं, हात आखडून घेणं, मुलाखतीतून उठून जाणं हे सगळं नकार म्हणून नोंदवून तिथेच थांबायचं, असं काटेकोर धोरण प्रस्तावातच लिहिलेलं बरं.

यावर उपाय आहे, पण वेळखाऊ. प्रतिनिधीचं नाव साध्या कागदावर सही किंवा अंगठ्याने देता येतं. रुग्ण बरा असतानाच ते लिहून घ्यायचं आणि ‘यांना काय सांगायचं, काय नाही’ हेही त्यासोबत नोंदवायचं. नवऱ्याऐवजी मैत्रिणीचं नाव आलं तर तसंच ठेवायचं.

हा व्याप टाळायला अनेकांनी जुन्या केसपेपरांचा मार्ग धरला. ओळख लपवली तर मानसिक आरोग्य सेवा कायदा त्याला मुभा देतो. पण २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख लोकसंख्येच्या या राज्यात ‘सत्तरी तालुका, वय ४२, तारवटी (जहाजावरचा खलाशी)’ एवढं छापलं तरी गाव ओळखतं. तालुक्याऐवजी जिल्हा द्यावा, वय दहा वर्षांच्या गटात, आणि पाचपेक्षा लहान आकडा तक्त्यात येऊच देऊ नये.

समुदाय सल्लागार मंडळं आता बहुतेक प्रस्तावांत दिसतात. त्यात बऱ्याचदा एआरटी (एचआयव्हीवरची औषधं) घेणारे दोघे, एक वकील, एक धर्मगुरू असतात. मनोरुग्ण स्वतः क्वचितच, त्याच्या वतीने नातेवाईक बोलतो. माहितीपत्रकं मराठीत, तसंच देवनागरी आणि रोमी (रोमन लिपीतल्या) कोंकणीत निघतात, कन्नड आणि तेलुगू मागाहून, कधी निधी उरला तर. निरक्षर सहभागीचा अंगठा घेताना साक्षीदार अभ्यासाबाहेरचा हवा. वॉर्डातली परिचारिका त्या अर्थाने बाहेरची धरू नये.