संत्र्याची साल आणि पाच मिलिमीटरचा वेटसूट

मे महिना, दुपारचे दोन, बाहेर ४५ डिग्री आणि मी बेडरूममध्ये कूलर फुल्लवर टाकून अंगात काळा रबरी वेटसूट (गार पाण्यात पोहताना घालतात तो) चढवून राहिलो होतो. पंधरा मिनिटांत कसाबसा गुडघ्याच्या वर आला. आई दारात येऊन म्हणाली, "काय करून राहिला बाप्पा हे?" ऑगस्टमध्ये कोपनहेगनला ट्रायथलॉनची, म्हणजे आधी पोहणं, मग सायकल, मग धावणं अशी रेस होती, रिटर्नची मुदत संपायच्या आत साईज बघणं भाग होतं, आणि तिला एवढं सगळं सांगेपर्यंत माझा घाम पोटरीपर्यंत पोचला होता. कूलरची हवा तोंडावर लागत होती पण सूटच्या आत काहीच नाही, कारण कूलर काय किंवा घाम काय, दोन्हीचं काम पाण्याची वाफ होण्यावर चालतं. रबराच्या आत अडकलेला घाम उडणार कुठे? तो नुसता वाहतो, थंड करत नाही.

म्हणून पहिली गोष्ट, वेटसूट घ्यायच्या आधी तो लागणार आहे का ते बघा. आपल्याकडचे पोट्टे गोव्याच्या हाफ आयर्नमॅनसाठी (आयर्नमॅन म्हणजे लांब पल्ल्याची ट्रायथलॉन, हाफ म्हणजे तिच्या निम्मी) वेटसूट कोणता घेऊ विचारतात, अरे बाबा, तिथलं समुद्राचं पाणी तसंच कोमट आहे, तिथे सूटचं कामच नाही. आयर्नमॅनच्या नियमात आपल्यासारख्या हौशी वयोगटातल्या लोकांना पाणी २४.५ डिग्रीपर्यंत असेल तर वेटसूट चालतो, त्याच्या वर २८.८ पर्यंत घालता येतो पण मग बक्षिसाच्या शर्यतीतून बाहेर, आणि त्याच्याही वर थेट बंदी. बंदी का तर पोहताना शरीर जी ऊर्जा जाळतं तिचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो, आणि तिला वाट मिळाली नाही की माणूस पाण्यातच तापतो. पाण्यात चक्कर येणं म्हणजे काय ते सांगायला नको.

आता हा सूट नेमका करतो काय, यासाठी एक बादली आणि दोन संत्री घ्या. आंबिया बहाराची असोत की मृगाची, चालतील. एक संत्रं सालीसकट पाण्यात टाका, तरंगतं. दुसरं सोलून टाका, बहुतेक वेळा सरळ तळाला जातं (मधल्या पोकळीत हवा अडकली तर थोडं नखरे करतं, तेव्हा फोडी मोकळ्या करून टाका). गंमत बघा, साल काढली म्हणजे वजन कमी झालं, तरी बुडालं! कारण सालीच्या आतल्या पांढऱ्या स्पंजासारख्या भागात हवेचे बारीक कप्पे असतात. साल वजन थोडं वाढवते पण जागा भरपूर अडवते, आणि पाण्यात तरंगायचं की नाही हे वजन आणि अडवलेली जागा यांच्या हिशोबावर ठरतं. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांनी वाचला, बादलीत फार थोड्यांनी बघितला.

वेटसूट म्हणजे माणसाला घातलेली संत्र्याची साल. कापड निओप्रीन, म्हणजे १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं कृत्रिम रबर, आणि सूटसाठी ते फेसाळवून त्यात वायूचे लाखो बंद बुडबुडे भरलेले असतात. बंद म्हणजे एकमेकांना न जोडलेले, त्यामुळे भांडी घासायच्या स्पंजासारखं पाणी आत शिरत नाही. भल्ले लोक अजूनही सांगतात की सूटमध्ये पाण्याचा पातळ थर जातो, शरीर तो गरम करतं आणि तोच थर ऊब देतो. अर्धवट खरं आहे. १९५१च्या सुमारास कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर (अणुबॉम्बच्या मॅनहॅटन प्रकल्पात काम केलेले) यांच्या लक्षात आलं की माणूस कोरडा ठेवायची गरजच नाही, ऊब पाण्यात नाही तर कापडातल्या हवेत आहे. स्थिर पाणी स्थिर हवेपेक्षा साधारण २४ पट जास्त उष्णता वाहून नेतं. आतलं थोडं पाणी चालतं, पण ते तिथेच थांबलं पाहिजे, सारखं बदलत राहिलं तर प्रत्येक वेळी नवं गार पाणी गरम करायचा खर्च तुमच्या अंगावर.

पण ट्रायथलॉनवाला ऊब हवी म्हणून जेवढा सूट घालतो त्यापेक्षा तरंगायला जास्त घालतो, हे उघडपणे कोणी बोलत नाही एवढंच. अंदाजे हिशोब करू. डोकं, हात-पायाचे पंजे सोडून अंगाचा पृष्ठभाग धरा दीड चौरस मीटर, सूटची सरासरी जाडी धरा ३ मिलिमीटर. गुणाकार साडेचार लिटर, म्हणजे साडेचार किलो पाणी बाजूला सारलं. सूटचं स्वतःचं वजन दीड किलो धरलं तर उरले तीन किलो, एवढा वरचा धक्का फुकटात. म्हणून नियमात जाडीवर ५ मिलिमीटरची मर्यादा आहे, नाहीतर लोकांनी गादी बांधून पोहायला कमी केलं नसतं.

आणि हे तीन किलो कुठे लागतात याला महत्त्व आहे. माणसाची हवेची पिशवी छातीत, वजनाचा मध्य मात्र खाली कमरेपाशी. त्यामुळे छाती वर राहते, पाय खाली जातात, आणि आपण पाण्यातून बाणासारखे न जाता अर्धवट उघड्या दारासारखे जातो. पाणी हवेपेक्षा ८०० पट दाट, दार ढकलत दोन-चार किलोमीटर जायचं म्हणजे खांद्याचे हाल. सूट मांड्या आणि कंबर उचलतो, अंग आडवं होतं, समोरून पाण्याला दिसणारा भाग कमी होतो. म्हणून ज्याचे पाय बुडतात त्याला, म्हणजे तिशीनंतर पोहायला शिकलेले, धावून-सायकलून मांड्या कमावलेले आपण सगळे, आपल्याला सगळ्यात जास्त फायदा होतो. लहानपणापासून स्पर्धेत पोहणाऱ्याचे पाय आधीच वर असतात, त्याला मांडीवर ५ मिलिमीटर दिलं तर पाय पाण्याबाहेर येऊन किक हवेत बसते. तो तक्रार करतो की सूटमध्ये मजा येत नाही, आपण म्हणतो, सूट काढूच नये. तर सूट घेताना ब्रँड नंतर विचारा, आधी कोणाला तरी तुमचा साईडने व्हिडिओ काढायला सांगा.

खांद्याचं गणित उलटं. दर स्ट्रोकला साधारण एक मीटर धरलं तर आयर्नमॅनच्या ३.८ किलोमीटर पोहण्यात दोन्ही हात मिळून ३८०० वेळा डोक्यावरून जाणार, आणि तितक्या वेळा काखेतलं रबर ताणलं जाणार. एकदा ताणायला काही नाही, ३८०० वेळा ताणायला आहे. म्हणून चांगल्या सूटला छाती-मांडीला ४-५ आणि खांद्या-हाताला दीड-दोन मिलिमीटर असतं. जपानच्या यामामोटो कंपनीचं रबर बऱ्याच ब्रँडमध्ये असतं, त्याचे ३८, ३९, ४० असे नंबर दिसतील, मोठा नंबर जास्त ताणतो आणि जास्त महागही असतो. माझं मत विचाराल तर पैसे खांद्यावर घाला, बाकी ठिकाणी मध्यम चालतं. बिनबाह्यांचा सूट स्वस्त आणि मोकळा, पण काखेतून पाणी शिरतं, १८ डिग्रीच्या पाण्यात ते कळतं.

आमच्या ग्रुपमधल्या एका भाऊने डायव्हिंगचा जुना सूट स्वस्तात उचलला होता. दिसायला तसाच काळा. पण त्याला बाहेरून नायलॉनचं कापड असतं, खडकाला घासून फाटू नये म्हणून, आणि ते पाण्याला धरून ठेवतं. ट्रायथलॉनच्या सूटला बाहेरून उघडं गुळगुळीत रबर, त्यावर निसरडा लेप. पोहण्यासाठी म्हणून वेगळा सूट अमेरिकेतल्या डॅन एम्पफिल्डने १९८७ मध्ये क्विंटाना रू नावाने बाजारात आणला, त्याआधी लोक असेच उसने सूट घालून हात दुखवून घेत होते. आमचे भाऊ चारशे मीटरनंतर काठावर बसले आणि तर्री पोह्याचं बोलायला लागले.

फिटिंगच्या बाबतीत मात्र नागपुरी संत्रं विसरा, मोसंबी आठवा. आपल्या संत्र्याची साल ढिली, आत बोट घालता येतं, म्हणून तर सोलायला सोपं. सूट असा ढिला असला की कमरेच्या खोलगट भागात पाण्याची पिशवी तयार होते आणि ती सोबत ओढत न्यायची. मोसंबीची साल कशी गराला चिकटून, तसं पाहिजे. बाहेरच्या कंपन्यांचे चार्ट त्यांच्याकडच्या उंच लोकांसाठी असतात, त्यात उंचीपेक्षा वजन आणि छातीचं माप आधी बघा. काखेत आणि जांघेत मोकळी जागा नको, ती राहिली तर सूट अजून वर ओढलेला नाही असं समजा. मी पहिल्यांदा इथेच चुकलो, खांदे आवळत होते म्हणून मोठी साईज मागवायला निघालो होतो, खरं म्हणजे सूट मांडीतच अडकला होता. पायापासून इंच-इंच वर सरकवला तेव्हा खांदे आपोआप सुटले. पायात प्लॅस्टिकची पिशवी घालून पाय सरकवा, आणि नखं कापलेली असू द्या, हातात सुती मोजे असतील तर अजून चांगलं, कारण या रबराला नख लागलं की चंद्रकोरीसारखी चीर पडते. माझ्या डाव्या मांडीवर अशा तीन कोरी आहेत.

जमिनीवर सूट आवळल्यासारखा वाटतो, पाण्यात गेला की सैलावतो, पण छाती भरून श्वास घेता आला पाहिजे आणि गळा दाबला जायला नको. गार पाण्यात, विशेषतः १५ डिग्रीच्या खाली, पहिल्या मिनिटाला श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा होतो, त्यात कॉलर घट्ट असली की घाबरगुंडी पक्की. म्हणून रेसच्या दिवशी पहिल्यांदा घालायचा नाही. नागपुरात सराव करायचा तर डिसेंबर-जानेवारीतली पहाट बरी, मे महिन्यात फक्त सकाळी, दहा मिनिटं, आणि काठावर कोणीतरी लक्ष ठेवून. मी पूलमध्ये बारा मिनिटं केली तर बाहेर आलो तेव्हा तोंड टोमॅटोसारखं झालं होतं.

धुवायचा साध्या पाण्यात, आतली बाजू बाहेर करून, आणि वाळवायचा सावलीत, कारण ऊन आणि हवेतला ओझोन दोन्ही रबराला हळूहळू कडक करून तडे पाडतात. हे मला माहीत होतं, आईला नव्हतं. मी ऑफिसला गेलो, तिने माझा सूट कुरडयांच्या शेजारी गच्चीवर पसरला, संध्याकाळपर्यंत. खांद्याचा भाग आता पूर्वीसारखा ताणत नाही. कुरडया मात्र फक्कड वाळल्या.