विद्यापीठीय अभिव्यक्तीवरील निर्बंध (मराठवाडा)

विद्यापीठाच्या किंवा महाविद्यालयाच्या आवारातील भाषण, घोषणा, गीत, सभा, भित्तिपत्रके यांवर शासनाने वा प्रशासनाने घातलेली बंधने. मराठवाड्यात ही बंधने इथल्या विद्यापीठाहून जुनी आहेत. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सभा घ्यायची तर ‘गश्ती निशान ५३’ या हुकुमाप्रमाणे आधी परवानगी काढावी लागे. उच्च शिक्षण १९१८ साली स्थापन झालेल्या, उर्दू माध्यमाच्या उस्मानिया विद्यापीठाच्या हाती होते.

सर्वांत गाजलेला प्रसंग १९३८ चा. औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहातील मुले प्रार्थनेला ‘वंदे मातरम्’ म्हणत. ते बंद करा, असा हुकूम आला. मुलांनी तो जुमानला नाही. नोव्हेंबरात संप झाला आणि त्याचे लोण हैदराबादच्या वसतिगृहांपर्यंत गेले. शिक्षा काय, तर वसतिगृहातून बाहेर आणि पटावरून नाव कमी. कागदावर ती किरकोळ दिसते. पण संस्थानात दुसरे विद्यापीठच नव्हते. नाव गेले की शिक्षण खुंटले. नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला म्हणून कितीतरी जणांचे शिक्षण मार्गी लागले. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांतलेच. यातले बरेच विद्यार्थी नंतर मुक्तिसंग्रामात उतरले.

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले, तोवर भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देणारा संविधानाचा अनुच्छेद १९(१)(क) लागू झालेला होता. १९(२) मधील वाजवी निर्बंधही सोबत होतेच. आवारातल्या कार्यक्रमाला पूर्वपरवानगी, ही रीत मात्र राहिली.

निर्बंध दरवेळी परिपत्रकातूनच येतो असे नाही. विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात संमत झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जाळली गेली. नामांतराच्या बाजूने बोलण्याची किंमत आवाराबाहेर, गावात मोजावी लागली. नामविस्तार, म्हणजे ‘मराठवाडा’ हे नाव कायम ठेवून त्याला बाबासाहेबांचे नाव जोडणे, झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी.

त्याच वर्षीच्या विद्यापीठ कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या थेट निवडणुका थांबल्या आणि गुणवत्तेवर नेमणुका होऊ लागल्या. प्रचारसभा, पॅनेल, जाहीर वादविवाद हे सारे त्याबरोबर गेले. हाणामाऱ्या थांबाव्यात हा हेतू होता, तो खोटा म्हणता येत नाही. २०१६ च्या कायद्यात थेट निवडणुकांची तरतूद परत आली. निवडणुका मात्र लांबणीवर पडत गेल्या.