क्षमा आणि मिटवामिटवी

आमच्याकडे मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काही वाईट घडलं की एक वाक्य ठरलेलं असतं. "आपण ख्रिस्ती माणसं, माफ करायला पाहिजे." वाक्य खरंच आहे. पण ते बोलणारा बहुतेक वेळा ज्याचं नुकसान झालं तो नसतो, आणि ते बोलून झाल्यावर पुढं जे होतं ती मिटवामिटवी असते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, कारण दोन्हींच्या शेवटी प्रार्थना होते, हात मिळवले जातात, चहा येतो.

जालना जिल्ह्यातल्या एका गावी मंडळीचं छोटं वसतिगृह होतं. तिथं स्वयंपाक करणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं की पावतीवर ज्वारीची दहा पोती असतात आणि उतरतात सात. पोती मिळाल्याचा अंगठा त्यांचाच घेतलेला. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हिशोब पक्का. "चुलीपुढं जल्म गेला माझा. एक पोतं किती दिस पुरतं ते मला नका सांगू," म्हणाल्या. तीन महिने असं पाहिल्यावर एका रविवारी उपासना सुटल्यावर त्यांनी पंचांना गाठलं.

संध्याकाळी शाळेच्या खोलीत बैठक झाली. वसतिगृह सांभाळणारा तरुण मान खाली घालून बसला होता. पंचांतले एक वडीलधारे म्हणाले, "लेकरू चुकलं. कशाला वाढवायलाव? बाहेर गेलं तर मंडळीचं नाव जाईल. घरातलं घरात मिटवू." पाळकसाहेबांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मावशींना पुढं बोलावून त्या तरुणाशी हात मिळवायला लावला. मी त्या बाकावर बसलेला होतो. मीही हात मिळवला आणि घरी आलो. तीन पोती दर महिन्याला कुठं जात होती, हे त्या खोलीत कुणी विचारलं नाही. पुढच्या जूनमध्ये मावशींना निरोप गेला की आता तुमची गरज नाही.

मला पुष्कळ दिवसांनी एक गोष्ट उमगली. ताटात भाकरी कमी पडली ती पोरांच्या. माफ करायचा हक्क त्यांचा होता. त्यांच्या वतीने आम्ही माफी देऊन टाकली, आणि त्यांना कळवलंही नाही.

क्षमेचं पहिलं लक्षण मला इथंच दिसतं. ती ज्याला लागलं त्याच्याकडून निघते. मिटवामिटवी तिसरा माणूस करतो, आणि ज्याला लागलं त्याला 'समजूतदार हो' म्हणून सांगतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा अठरावा अध्याय आपण अर्धाच वाचतो. सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा क्षमा कर, हे प्रभूचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. पण 'किती वेळा क्षमा करू?' हा शिष्य पेत्राचा प्रश्न येतो एकविसाव्या वचनात. त्याच्या आधी, पंधरापासून सतरापर्यंत, रीतसर वाट सांगितली आहे: भावाने अपराध केला तर एकांतात जाऊन त्याला त्याचा दोष दाखव, ऐकलं नाही तर एकदोन जण बरोबर ने, तरीही नाही, तर मंडळीला सांग. म्हणजे दोषाचं नाव घेणं आधी आहे, क्षमा नंतर. आणि त्याच अध्यायात, सहाव्या वचनात, लहानग्यांना अडखळवणाऱ्याच्या गळ्यात जात्याची तळी बांधून त्याला समुद्रात बुडवणं बरं, असं प्रभू म्हणतो. वसतिगृहं, शाळा, अनाथाश्रम चालवणाऱ्या प्रत्येक मंडळीने हे वचन दारावर लिहावं असं मला वाटतं.

आता संस्थेतल्या वाईटाची खरी अडचण. ते एका माणसाच्या मनात मावत नाही. ते रजिस्टरात, शिक्क्यात, किल्ल्यांच्या जुडग्यात जाऊन बसतं. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट घ्या, बायबलमधल्या पहिल्या राजांच्या पुस्तकाचा एकविसावा अध्याय. अहाब राजाला तो मळा हवा होता, नाबोथ देईना. राणी ईजबेलेने पत्रं लिहिली, राजाच्या नावाने, राजाचा शिक्का मारून. गावचे वडीलधारे आणि प्रतिष्ठित लोक यांनी हुकुमाप्रमाणे उपास जाहीर केला. दोन खोटे साक्षीदार उभे केले, कारण नियमशास्त्राला दोन साक्षी लागतात. मग नाबोथाला गावाबाहेर नेऊन दगडमार. कागदावर सगळं नियमाला धरून! उपाससुद्धा. संदेष्टा एलीया अहाबाकडे आला तो थेट प्रश्न घेऊन: खून केलास आणि वर त्याची जमीनही घेतलीस? पुढं अहाबाने गोणपाट नेसलं, देवाने त्याच्या नम्र होण्याची दखलही घेतली. नाबोथाच्या घरच्यांना मळा परत दिल्याचं मात्र कुठं लिहिलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानातला जकातदार जक्कय याच्या उलट. त्याने माफी मागताना आकडाच सांगितला: फसवून घेतलेलं चौपट परत.

"दुसरा गाल पुढं कर" हे वचन इथं हमखास येतं. पण महायाजकासमोर शिपायाने प्रभूला चापट मारली तेव्हा तो गप्प राहिला नाही. मी वाईट बोललो असेन तर ते काय ते सांग, बरं बोललो असेन तर का मारतोस, असं त्याने विचारलं (योहान १८). सूड घेतला नाही आणि चापटीला चापट म्हणायचंही सोडलं नाही.

मला सगळ्यांत जवळचं वाटतं ते फिलिप्पै शहरातलं (प्रेषितांची कृत्ये १६). प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला यांना चौकशी न करता भर चौकात फटके मारले आणि तुरुंगात टाकलं. रात्री भूकंप झाला, दारं उघडली. कैदी पळाले असं वाटून तुरुंगाचा नायक तलवार उपसून जीव द्यायला निघाला, तेव्हा पौलाने त्याला ओरडून थांबवलं. त्याच रात्री त्या नायकाने त्यांच्या जखमा धुतल्या, त्याच्या घरच्यांचा बाप्तिस्मा झाला, ते एकत्र जेवले. ही क्षमा. सकाळी अधिकाऱ्यांचा निरोप आला: सोडून द्या यांना. पौल हलला नाही. आम्हा रोमी नागरिकांना उघड मारलंत आणि आता गुपचूप घालवता? त्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं. आणि त्यांना यावं लागलं. रात्री ज्याने माणसाला जवळ केलं, त्यानेच सकाळी कचेरीला जाब विचारला.

तडजोड म्हणजे वाईटच, असं माझं म्हणणं नाही. बांधाचं भांडण, भावकीतला वाद, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या यात दोन्ही बाजू तोलाच्या असतात. २००७ पासूनच्या तंटामुक्त गाव मोहिमेत असे वाद चावडीवर मिटले, ते बरंच झालं. एका बाजूला किल्ल्या आणि दुसऱ्या बाजूला अंगठा असेल, तिथं तडजोड या शब्दाला अर्थ उरत नाही.

शांततेच्या नावाने काय होतं हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ ला झाला. दंगली झाल्या, दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि शांतता राहावी म्हणून ठरावच बाजूला ठेवला. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ ला. संदेष्टा यिर्मया ज्याला लोकांची जखम वरवर बरी करणं म्हणतो, शांती नसताना 'शांती, शांती' म्हणणं, ते मला त्या सोळा वर्षांत दिसतं.

काही बाबतींत तर निवड करायची मुभाच नाही. लेकरावर लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर तो स्वतः गुन्हेगार ठरतो. आईबापांनी माफ केलं, पाळकांनी समेट घडवला, याने ते बंधन सुटत नाही. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्याला देवाचा सेवक म्हटलंय, तो वाईट करणाऱ्याला शासन करणारा म्हणून. त्या सेवकाकडे जाणं म्हणजे विश्वास सोडणं, ही समजूत आपल्या लोकांत कुठून आली कोण जाणे.

आधी दोष उघड, मग माफी, हे देशाच्या पातळीवर करून पाहिलं दक्षिण आफ्रिकेने, वर्णभेदाची राजवट संपल्यावर. आर्चबिशप डेस्मंड टूटू यांच्या अध्यक्षतेखालच्या सत्य व समेट आयोगाकडे माफीचे सात हजारांवर अर्ज आले. राजकीय हेतूने केलेलं कृत्य पूर्ण उघड करायचं, ही अट होती. बहुतेक अर्ज नामंजूर झाले. त्या आयोगाच्या नावातच सत्य आधी आहे, समेट नंतर.

तो तरुण दोनेक वर्षांनी मावशींच्या घरी गेला. एकटाच. दारात उभं राहून त्याने महिने मोजले, पोती मोजली, पैसे कुणाकुणाला गेले तेही सांगितलं. मावशींनी त्याला पाणी दिलं, बस म्हणाल्या. हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांचा चेहरा शांत होता. वसतिगृहाच्या रजिस्टरात मात्र त्या महिन्यांच्या पानांवर अजून दहाच पोती आहेत, खाली मावशींचा अंगठा आहे.