रान देवाचं, राखण गावाची

एप्रिल-मे महिन्यात संगमेश्वर, देवरुख, राजापूर या पट्ट्यात फिरताना एक दृश्य वारंवार दिसतं. जांभ्याचे सडे, म्हणजे उघडे खडकाळ माळ, करपलेले असतात. उतारावरचे ऐन आणि किंजळ राबासाठी, म्हणजे भाताची जमीन भाजण्यासाठी, फांद्या तोडून तोडून खराट्यासारखे उरलेले असतात. आणि मधेच, वाडीच्या वरच्या अंगाला, काळपट हिरव्या रानाचा एक दाट तुकडा उभा असतो. कडेच्या झाडांखाली शिरलं की ऊन एकदम तुटतं. पायाखाली पाचोळ्याचा जाड थर लागतो आणि डोक्यावरून गारंबीचा मांडीएवढा वेल या झाडावरून त्या झाडावर गेलेला असतो. आत कुठेतरी शेंदूर लावलेला दगड, शेजारी दोन-चार झिजलेले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्यांच्या स्मारकशिळा, आणि खालच्या बाजूने निघालेला पाण्याचा झरा. ही देवराई. रत्नागिरीकडे हिलाच देवरहाटी म्हणतात, गोव्यात आणि तळकोकणात नुसतं राई म्हटलं तरी पुरतं.

अलीकडे देवराया पाहायला पुण्या-मुंबईहून बरेच लोक जाऊ लागले आहेत आणि हे चांगलंच आहे. त्यांना तिथे इतिहास म्हणून बहुधा एकच वाक्य ऐकायला मिळतं: देवाच्या कोपाच्या भीतीने लोकांनी झाडं तोडली नाहीत. हे अर्धंच खरं आहे. भीती होती आणि आजही आहे. पण नुसत्या भीतीवर शेकडो वर्षं रान टिकत नाही. देवराई टिकली ती तिच्याविषयीचे निर्णय घेण्याची एक पद्धत गावाकडे होती म्हणून. तो निर्णय गावाच्या हातातून जसजसा निसटला, तसतशा राया आटत गेल्या. देवरायांचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास बराचसा या निसटण्याचा आहे.

देवराया किती जुन्या, याचा कागदोपत्री पुरावा मिळणं अवघड आहे. पण काही खुणा आहेत. इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याच्या आसपासच्या खेड्यांत पायी हिंडले, तेव्हा त्यांना दिसलं की कितीतरी मातृदेवतांची ठाणी गावठाणात नाहीत. ती गावापासून दूर, रानात, जुन्या पायवाटा मिळतात तिथे आहेत. त्यावरून त्यांनी मांडलं की ही ठाणी स्थिर शेतीच्या गावांपेक्षा जुनी असावीत. शिकार करत, रानात फिरत जगणाऱ्या लोकांच्या काळापर्यंत त्यांची मुळं जातात. देवरायांतल्या देवता पाहिल्या की हे पटतं. वाघजाई, काळकाई, सोमजाई, झोलाई, शिरकाई, म्हसोबा, वेताळ. तळकोकणात आणि गोव्यात सातेरी, तीही वारुळाच्या रूपात. पुराणांत यांतल्या बहुतेकींचा पत्ता नाही. पुष्कळ ठिकाणी देवीला छप्पर चालत नाही, झाडाचीच सावली लागते, असा समज होता. म्हणजे झाड गेलं तर देवीचं घर गेलं. डोंगरात दळी पाडून, रान भाजून नाचणी-वरी करणाऱ्यांनी नवीन जमीन काढताना एक तुकडा मूळ मालकिणीसाठी सोडला, असं याकडे पाहता येतं. वीरगळ त्यानंतरचे, मध्ययुगातले. ज्या राईत ते उभे आहेत तिथे निदान काही शतकं लोकांचा राबता आहे, एवढं त्यांच्यावरून नक्की म्हणता येतं.

आता ती निर्णयाची पद्धत. राईतली वाळकी काडीसुद्धा उचलायची नाही, असा कडक नियम कित्येक गावांत आहे. पण सरसकट सगळीकडे बंदीच होती असं नाही. देवळाचा वासा मोडला, ओढ्यावरचा साकव वाहून गेला, कुणाचं घर जळालं, अशा वेळी गाव देवाकडे झाड मागत असे. त्यासाठी कौल लावायचा. मानकरी जमायचे, गुरव ओल्या पाषाणावर ठरावीक जागी फुलाच्या पाकळ्या किंवा कळ्या चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचा आणि सगळे वाट बघत बसायचे. उजवीकडची पाकळी पडली तर देवाची संमती, डावी पडली तर नकार. कधी पाकळी पडायचीच नाही, मग बैठक मोडून पुन्हा दुसऱ्या दिवशी. शहरी माणसाला हा अंधविश्वास वाटेल, पण यात काय काय साधलं जायचं ते बघा. मागणी चारचौघांत करावी लागायची. कशासाठी हवं, किती हवं, हे सगळ्यांसमोर सांगावं लागायचं. वेळ जायचा. बळजोर माणसालाही कौल डावलणं सोपं नसे. आणि झाड मिळालं तरी ते विकण्यासाठी मिळत नसे. रानाचा वापर करताना हात आखडता ठेवायला लावणारी ही व्यवस्था होती.

याचं थोडं वेगळं उदाहरण मावळातलं. पवना धरणाच्या परिसरात आजिवली गावची वाघजाईची राई आहे. ती भेर्ली माडांसाठी प्रसिद्ध. सुपारीसारखा उंच सरळ बुंधा, माशाच्या शेपटीसारखी पानं आणि वरून लोंबणारे फुलोऱ्याचे लांब झुबके. गावकरी या माडांची माडी काढतात आणि त्यावर काही घरांचा संसार चालतो. माड तोडायचा नाही, पण त्याच्यापासून मिळणारं घ्यायचं. देव, रान आणि पोट या तिन्ही गोष्टी इथे एकत्र नांदताना दिसतात. देवराई म्हणजे माणसाने हात न लावलेलं जंगल, या समजुतीला आजिवलीसारखी गावं छेद देतात.

इथे एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. देवराईचा विषय निघाला की मराठेशाहीतल्या रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्र या ग्रंथातला झाडांविषयीचा मजकूर हटकून सांगितला जातो. तो मजकूर थोर आहे यात शंका नाही. आरमारासाठी लाकूड लागलं तरी रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवली आहेत, असं त्यात बजावलं आहे. पण ते लावलेल्या, मालकीच्या झाडांबद्दल आहे. देवराई राजाज्ञेने निर्माण झाली नाही की टिकली नाही, आणि तिचं श्रेय गावांकडून काढून घेऊ नये.

इंग्रजी अमलात चित्र पालटलं. जहाजबांधणीसाठी सागवान हवं होतंच. १८४७ मध्ये मुंबई इलाख्यात डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली आणि रुळांखालच्या स्लीपरांसाठी लाकडाची भूक प्रचंड वाढली. १८६४ मध्ये हिंदुस्थानचं वनखातं उभं राहिलं, त्याचे पहिले प्रमुख डीट्रिख ब्रँडिस हे जर्मन वनशास्त्रज्ञ. १८७८ च्या कायद्याने जंगलांची राखीव, संरक्षित आणि ग्रामवन अशी विभागणी झाली. प्रत्यक्षात ग्रामवनं फारशी कुठे झालीच नाहीत. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच्या अनेक राया सरकारी जंगलात गेल्या, कोकणात काही खोतांच्या नावावर चढल्या, काही देवस्थानाच्या, काही महसुली दप्तरात. सातबाऱ्यावर एक नाव आणि कौल लावणारे दुसरेच, ही गुंतागुंत तेव्हापासूनची. ब्रँडिस यांनी स्वतः उतारवयात देशभरच्या देवरायांविषयी आदराने लिहिलं, पण त्यांनीच घडवलेल्या खात्याच्या चौकटीत या रानांना वेगळी जागा मिळाली नव्हती.

खरा तडाखा मात्र स्वातंत्र्यानंतर बसला. धरणं आली, त्यांच्यासाठी रस्ते आले आणि रस्त्यांबरोबर कोळशाचे ठेकेदार आले. पानशेत, वेल्हे, मुळशीकडच्या डोंगरांत आणि रायगडात लाकडी कोळशाच्या भट्ट्या लागल्या. शहरांना जळण हवं होतं आणि डोंगरातल्या माणसाला रोख पैसा. कातकरी कुटुंबं या भट्ट्यांवर राबली आणि त्यांच्या वाट्याला उचल आणि कर्जच आलं. आजूबाजूचं रान साफ झाल्यावर ठेकेदाराची नजर उरल्यासुरल्या राईवर जाणं ओघानेच आलं. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली तिथे माणसं उठली आणि राईला विचारणारं कुणी राहिलं नाही.

याच काळात, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीतले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि नुकतेच हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ यांनी देवराया पायाखाली घालायला सुरुवात केली. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावची त्यांची हकिगत महत्त्वाची आहे. तिथल्या राईतल्या झाडांवर तोडीसाठी खुणा झाल्या होत्या. गावकऱ्यांनी या अभ्यासकांना गाठलं आणि मदत मागितली. त्यांचं म्हणणं देवापुरतं नव्हतं. गावचा बारमाही झरा राईतून निघतो, राई गेली तर पाणी जाईल, हे त्यांनी नेमकं सांगितलं. पुढे वनखात्याने ती राई सोडली. राई वाचवणाऱ्यांना ती का वाचवायची हे कुणी शिकवायला नको होतं. १९७६ मध्ये वर्तक आणि गाडगीळ यांचा पश्चिम घाटातल्या देवरायांवरचा निबंध प्रसिद्ध झाला आणि अभ्यासकांच्या जगात हा विषय रुजला.

या रायांत काय शिल्लक आहे, हे तेव्हापासून हळूहळू कळत गेलं. महाधनेशाचं उदाहरण घ्या. कोकणात याला ककणेर म्हणतात. या पक्ष्याला स्वतः ढोली कोरता येत नाही, जुन्या थोराड झाडाला आपसूक पडलेली मोठी ढोली लागते. सातवीण, बेहडा, आंबा अशी झाडं शतकभर वाढू दिली तरच तशी ढोली तयार होते. मादी आत शिरते आणि विष्ठा, चिखल लावून दार लिंपून घेते. चोच जाईल एवढी चीर फक्त उरते आणि नर वड-उंबराची फळं आणून त्या चिरेतून तिला भरवतो, आठवडेच्या आठवडे. एकदा पसंत पडलेली ढोली वर्षानुवर्षं वापरात राहते. राबतोड आणि सरपणतोड झालेल्या रानात एवढं म्हातारं झाड मिळतं कुठे? देवरहाटीत मिळतं. कोकणात धनेश कुठे घरटं करतो हे शोधायला निघालात तर पाय पुष्कळदा देवळाच्याच दिशेने वळतात.

त्याहून विरळा प्रकार दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डे इथे आहे. बारमाही ओल्या चिखलात वाढणाऱ्या रानजायफळाच्या जातीची झाडं तिथे राईत टिकली आहेत. चिखलात श्वास घेता यावा म्हणून त्यांची मुळं गुडघा दुमडल्यासारखी जमिनीवर येतात आणि पुन्हा आत जातात. अशी दलदल बहुतेक केरळ-कर्नाटकात आढळते, महाराष्ट्रात ती फारच दुर्मीळ. जेमतेम २.५९ हेक्टरच्या या जागेला राज्य सरकारने जैविक वारसा स्थळाचा दर्जा दिला आहे. सीमेपलीकडे गोव्यात, सत्तरी तालुक्यात, निरंकाराची राई रानजायफळाची अशीच दलदल सांभाळून आहे. दोन्हीकडे देवाच्या नावाशिवाय हा चिखल कधीच भातखाचर किंवा पोफळीची बाग झाला असता.

आज धोका कुऱ्हाडीपेक्षा सिमेंटचा जास्त आहे. मुंबईत नोकरीला असलेले चाकरमानी वर्गणी काढतात, देवळाचा जीर्णोद्धार होतो. त्यांची भावना खरी असते, गावाशी असलेली ओढ खरी असते. पण कौलारू छपराच्या, कधी उघड्याच असलेल्या ठाण्यावर स्लॅब पडतो, सभामंडप येतो, गाडी दारापर्यंत यावी म्हणून रस्ता येतो, मंडपाभोवती फरशी बसते. राईतल्या झुडपांची ‘साफसफाई’ होते आणि उद्याची झाडं तिथेच संपतात. काही ठिकाणी या खर्चासाठी राईतलीच झाडं विकली गेली. हळूहळू वाघजाईची दुर्गा होते, आणि दुर्गेला राईची गरज उरत नाही. मला हा बदल सगळ्यांत जास्त अस्वस्थ करतो, कारण यात बाहेरचा ठेकेदार कुणी नाही. आणि म्हणूनच तो थांबवणंही गावाच्याच हातात आहे. काही गावांनी जुनं देऊळ तसंच ठेवून डागडुजी तेवढी केली आहे.

कायद्याच्या बाजूने एक मोठी घडामोड १८ डिसेंबर २०२४ रोजी झाली. राजस्थानातल्या ओरण म्हणवल्या जाणाऱ्या देवरानांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती रानं मोजून, नकाशावर आखून वन म्हणून अधिसूचित करायला सांगितलं, आणि देशभरच्या देवरायांसाठी केंद्राने धोरण आखावं अशी शिफारस केली. संरक्षण मिळणार हे स्वागतार्ह. पण १८७८ चा अनुभव पाठीशी असताना विचारायला हवं की अधिसूचनेनंतर कौल कोण लावणार? २००६ च्या वनहक्क कायद्यात ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळण्याची तरतूद आहे आणि गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने २००९ मध्ये तो मिळवून दाखवला. देवरायांसाठी ही वाट अधिक सरळ आहे, असं मला वाटतं.

पाहायला जाणाऱ्यांसाठी थोडं. आधी गावात जा, राईत नंतर. गुरव किंवा मानकरी कोण ते विचारा, त्यांना भेटा, त्यांच्यापैकी कुणी सोबत आलं तर उत्तम. चपला कुठे काढायच्या, कुठवर जायचं, फोटो चालतात का, हे गावागणिक बदलतं. काही ठिकाणी ठरावीक दिवशी राई बंद असते, काही ठिकाणी नारळ ठेवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाहीत. पान, बी, गारंबीची शेंग, काहीही उचलू नका. डिसेंबर ते मे या काळात धनेशाच्या ढोलीखाली घुटमळू नका आणि ड्रोन तर आणूच नका. तळकोकणात कार्तिक-मार्गशीर्षात जत्रा असतात, रात्री देवळासमोर दशावतार रंगतो. त्या वेळी गेलात तर रानाबरोबर ते राखणारी माणसंही एका जागी भेटतील, आणि राईचा शेवटचा कौल कधी लागला होता, कशासाठी, हे त्यांच्याच तोंडून ऐकता येईल.